हातभर पाणी

विहिरीत सोडलेल्या टेपचं टोक ओलं निघालं आणि इंद्रायणी मॅडमचा चेहरा खुलला. "मावशी, हातभर पाणी आहे! मे महिन्यात! सगळा मंठा तालुका फिरून आले, कुठं थेंब नाही."

"मंग! आपली इहीर हाय ती," झुंबरबाई ऐटीत म्हणाली आणि उगाच कठड्यावरची धूळ पदरानं झटकायला लागली.

कठड्यावर लाल रंगात विहिरीचा नंबर होता. भूजलाचा अभ्यास करणाऱ्या मॅडम चौऱ्याऐंशी सालापासून, दर तीन महिन्यांनी, त्याच जागेवरून टेप सोडून पाणी मोजत होत्या. एकोणीस वर्षं झाली. झुंबरबाईचं घर विहिरीला लागूनच. त्यामुळे मॅडमचा चहा तिच्याकडं, आणि लेकीला वाढावी तशी भाकरीही.

मॅडमनं टेपचं टोक नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं.

"मावशी, याला पावडरीचा वास येतोय. टँकरच्या पाण्याला येतो तसा."

आता आली का पंचाईत! झुंबरबाईनं जरा वेळ इकडंतिकडं बघून पाहिलं. शेवटी बोललीच. "इहीर तर कवाच आटली, माय. सकाळी रायभानचा टँकर आल्ता. बाया हांडे घेऊन उभ्या व्हत्या. मीच म्हनलं, इहिरीत वत. तू येनार व्हतीस ना! लेक घरी आल्यावर तिला रिकामा रांजण दाखवावा का, माय? लाज वाटली मला."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडून तिच्यासमोर धरली. "पाऊस बदलतोय, हवा तापतेय, असं आम्ही सांगतो तेव्हा लोक विचारतात, कशावरून? यावरून, मावशी. यात मी आजवर एक आकडा खोटा लिहिलेला नाही."

झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. पण मॅडमचा आवाज कापला, ते तिला बराबर कळलं. एवढ्या वर्षांची मेहनत आपण एका टँकरपायी नासवायला निघालो होतो!

ती उठली ती थेट गल्लीच्या तोंडाशी. "ए साळू, ए उषा, हांडे-घागरी घेऊन या! इहीर उपसायची हाय. जल्दी!"

"सकाळी वत म्हनली, आता उपस म्हनती. डोकं फिरलं का म्हातारीचं?" साळूबाई करवादली, पण पोहरा घेऊन आलीच.

दुपार कलली तेव्हा शेवटचा पोहरा खडकावर खरवडत वर आला. त्यात नुसता गाळ होता. मॅडमनं पुन्हा टेप सोडली. टोकाचं वजन तळाच्या खडकावर ठण्णकन आपटलं, ते वर सगळ्यांना ऐकू आलं.

मॅडमचं पेन वहीवर नुसतंच टेकून राहिलं. या विहिरीपुढं तो शब्द त्यांनी कधी लिहिला नव्हता.

"लिव, माय," झुंबरबाई म्हणाली. "कोरडी लिव. न्हाई तर आमच्या मागून येनाऱ्या लोकायला वाटंल, आमी मजेत व्हतो."