हूक नसलेला ट्रेलर

प्रियांका ट्रेलरच्या छपरावर पालथी पडून जोडांवरचं जुनं सिलिकॉन पात्याने खरवडत होती. मागच्या पावसात पत्र्याच्या जोडातून पाणी आत आलं होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, आणि गळका ट्रेलर कोण घेणार?

"पडशील," खाली उभी असलेली तिची आई मंजुळा म्हणाली.

"पप्पा नाही पडले कधी."

"त्यांना उंचावरची सवय होती."

पप्पा, म्हणजे कुंडलिक, वारले, त्यांचं जलदान होऊन दोन महिने झाले होते. विठ्ठलवाडीच्या या चार मजली इमारतीच्या फाटकाजवळ त्यांनी हा ट्रेलर उभा केला होता. जीपमागे ओढत न्यायची, चाकांवरची एक खोली. भंगारातून सांगाडा आणला, मग प्लायच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आत दोन खाटा आणि वर झोपायला एक रुंद फळी, बुद्धमूर्तीसाठी कोनाडा. दर रविवारी त्यात काहीतरी भर पडायची. टायर खराब होऊ नयेत म्हणून सांगाडा विटांवर टेकवलेला. एवढी वर्षं काम चाललं, पण ते कुटुंब त्यातून माथेरानलासुद्धा गेलं नाही.

इमारतीतले सगळे हसायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या आवडाबाई गॅलरीतून विचारायच्या, "कुंडलिकभाऊ, गाडी कुठवर पोचली?" ते वर बघून हसायचे आणि पुन्हा पाना हातात घ्यायचे.

प्रियांका ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवायची. पप्पा गेल्यापासून रोज सकाळी फाटकातून बाहेर पडताना ती मान वळवून घ्यायची. ट्रेलरच्या प्रत्येक स्क्रूची खाच उभी, एका रेषेत होती. पप्पांना तशीच लागायची. ट्रेलर नजरेसमोरून गेला तर कदाचित झोप लागेल, एवढंच तिला वाटत होतं.

मुरबाडकडे तंबूंचं रिसॉर्ट चालवणारा सुशांत जीप घेऊनच आला. त्याने दारं उघडून पाहिली, नळ सोडून पाहिले, भिंतींवर बोटांनी टकटक केली.

"ताई, काम एक नंबर. पण हूक कुठाय?"

"कसला हूक?"

"जीपला जोडायचा. नाहीतर ओढायचं कशाने, दोरीने?" तो खाली वाकला. "आणि हा सांडपाण्याचा पाइप तर सिमेंटमध्ये पक्का केलाय, थेट गटारात. टाकी बघा केवढी. तुमच्या वडिलांना फिरायचं होतं की संसार थाटायचा होता?"

"हूक बसवणार असतील. राहून गेलं."

"मी बसवून घेतो. वेल्डरला बोलावतो आत्ताच." फोन कानाला लावून तो फाटकाबाहेर गेला.

मंजुळा ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. "नको देऊस," ती म्हणाली.

"आई, आपण कुठे जाणार आहोत याच्यातून?"

"कुठेच नाही. राहायला केलाय तो. आपल्या तिघांना." मंजुळाने वर इमारतीकडे पाहिलं. "किचनचं प्लास्टर पडलेलं, आठवतं?"

प्रियांकाला आठवलं. पप्पा स्टुलावर चढले होते. उघड्या पडलेल्या सळईवर त्यांनी अंगठा दाबला, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जागा बुजवून वर रंग दिला. आठवड्याभरात भंगारातला सांगाडा आला. या दोन गोष्टी तिने कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

"ही बिल्डिंग बांधली तेव्हा ते इथेच सेंटरिंगच्या कामावर होते," मंजुळा म्हणाली. "रेती खाडीची होती, खारी. धुतलीसुद्धा नव्हती. ती सळईला आतून खाते. नंतर खोल्या स्वस्त मिळाल्या म्हणून लोकांनी घेतल्या. आम्हाला तरी दुसरी कुठे परवडत होती? पण स्वस्त का, ते फक्त यांना माहीत होतं."

प्रियांकाने चार मजल्यांकडे पाहिलं. मग ट्रेलरकडे. आवारात सावलीची जागा होती, नळ होता. ते सोडून पप्पांनी ट्रेलर पार टोकाला, उन्हात उभा केला होता. इमारत बसली तरी ढिगारा पोचणार नाही, इतक्या लांब.

"बाकीच्यांना सांगितलं त्यांनी?"

"सांगून काय? लोक कुठे जातील? आपण तरी गेलो का? धोकादायक म्हणून नोटीस लागली की बाहेर काढतात, आणि मग कोणी विचारत नाही." मंजुळा तिच्याकडे न बघता बोलत होती. "मीच म्हटलं, गप्प बसा. ते गप्प बसले. मग हे करत बसले."

प्रियांका फाटकाशी गेली. "द्यायचा नाहीये," ती सुशांतला म्हणाली.

"अहो ताई, वेल्डर निघालासुद्धा."

"सॉरी."

"हूक नाही, जायचं नाही, द्यायचाही नाही. शोला ठेवा मग." त्याने जीप वळवली आणि निघून गेला.

ती परत आली तेव्हा आवडाबाई गॅलरीच्या कठड्यावर रेलून वाळलेली गोधडी काढत होत्या. आत त्यांच्या नातवंडांचा दंगा चालला होता.

"काय गं, गिऱ्हाईक परत पाठवलंस?"

"हो, काकू."

"म्हणजे निघणार एकदाच्या मायलेकी."

प्रियांकाने मान वर केली, तोंड उघडलं. मंजुळाने पायरीवरून हात लांबवून तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"मला बघायचंय, कुंडलिकभाऊंचा डबा हलतो कसा," वरून आवडाबाई हसत म्हणाल्या. "निघाल तेव्हा हाक मार गं. झोपलेली असले तरी मार."