तीन नंबरची करंगळी

पडद्याच्या भोकातून तीन नंबरचा हात काचेच्या पेटीत आला आणि शिवणताई दचकली. करंगळी सरळसोट होती.

अंतराळात जाणाऱ्या तिघांची नावं अजून जाहीर व्हायची होती. म्हणून अंतराळपोशाखाच्या कारखान्यात त्यांचे फक्त हातच येत, तेही पडद्याआडून, नंबराने. ताईने हातमोजे शिवले ते प्लॅस्टरच्या साच्यांवरून. तिसऱ्या साच्याची करंगळी चांगलीच वाकडी होती. दोन महिने त्या करंगळीने तिच्या घरात धुमाकूळ घातला होता. नवरा म्हणे, दारात चेंगरली असणार. सासूबाई म्हणत, जन्मापासूनच तशी. लेकीच्या मते माणूस भांडखोर होता. ताईला तर कधी एकदा तो हात बघते असं झालं होतं. शिवण तिने त्या बाकाला धरूनच बेतली, अगदी जीव ओतून.

आणि आता हे! हातमोजा चढवला तर वाकड्या शिवणीत सरळ बोट अडकलं, कापडाला ही सुरकुती पडली. उड्डाणाला नऊ दिवस उरलेले. नवा शिवायला तीन आठवडे. हातमोजा बसला नाही तर याच्या जागी राखीव माणूस जाणार, असा नियम.

पडद्याशी बोलायची परवानगी नव्हती, पण ताईला राहवेना. “साच्यात करंगळी वाकडी कशी आली हो?”

पलीकडून एक ओशाळलेला पुरुषी आवाज आला, “साचा घेतला, निवड झाल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. घाबरलो की वाकते ती. लहानपणापासून.”

तपासणीला उभ्या असलेल्या साहेबांनी ‘बसत नाही’ लिहायला पेन उघडलं.

“थांबा साहेब,” ताई म्हणाली. “आधी पंप लावा.”

पेटीतली हवा खेचणारा पंप घरघरू लागला. वर अंतराळात फुगेल तसा हातमोजा टम्म फुगला. दाबाचा काटा लाल रेघेकडे सरकला. पंपाच्या आवाजाने टेबल हादरत होतं. ताई डोळे फाडून बघत होती. करंगळी जराशी थरथरली, हळूच वाकली आणि सुरकुती नाहीशी झाली.

“कसं वाटतंय?” साहेबांनी मोठ्याने विचारलं.

“भीती वाटतेय,” पडद्यामागून उत्तर आलं. “पण माप अगदी बरोबर आहे, ताई.”