नाश्त्यानंतर एक

लाल कॅप्सूल आणि पाण्याचा पेला तिने त्याच्या ताटलीशेजारी ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. त्याने कॅप्सूल जिभेवर टाकली, पाणी प्यायला आणि अंगात वाघ शिरल्यासारखी छाती फुगवून तिच्याकडे बघितलं. पाच महिने रोज सकाळी हेच चाललं होतं.

धाकटी नणंद खालच्याच मजल्यावर राहायची. साखर मागायला यायची आणि तासभर बसायची. आज तिच्याने राहवेना.

"वहिनी, या गोळ्यांवरून तूच घर डोक्यावर घेतलं होतंस ना? आणि आता तूच हातात आणून देतेस?"

"बोलून काही उपयोग होता का?" ती म्हणाली आणि ताटली उचलून मोरीकडे गेली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पन्नाशी उलटल्यावर त्याला सायकलीचं वेड लागलं. क्लबातले लोक त्याला इंजिन म्हणायला लागले आणि त्याला ते खरं वाटलं. चढाच्या शर्यतीत तो दोन वर्षं चौथा आला. मग क्लबातल्याच कुणीतरी ही बाटली दिली. तांबड्या पेशी वाढतात, पेशी वाढल्या की दम वाढतो, असं त्यावर लिहिलं होतं. वर हिरव्या पानाचं चित्र होतं. पान आहे म्हणजे झाडपाल्याचं, आणि झाडपाल्याचं म्हणजे बाधणार नाही, असा त्याचा हिशेब.

पाच महिन्यांपूर्वी क्लबाने सगळ्यांचं रक्त तपासलं. त्याचं हिमोग्लोबिन निघालं अठरा. डॉक्टरांनी सांगितलं की हे फार झालं. रक्त असं दाट झालं की गुठळी होते, आणि ती मेंदूत जाऊन बसेल की फुप्फुसात, याचा नेम नाही. कॅप्सूल बंद करा. त्याने हो हो म्हणून मान डोलावली आणि जिना उतरता उतरता तिला म्हणाला, "तुझं नऊ, माझं अठरा. घराची सरासरी बरोबर आहे बघ."

ती ओरडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. बाटली कचऱ्यात टाकली, तर त्याने दुसरी आणली. तीही टाकली. तिसरी आली त्या दिवशी ती एकदम गप्प झाली. दुसऱ्या सकाळी तिने स्वतःच कॅप्सूल ताटलीशेजारी ठेवली. "आली बाई ताळ्यावर," तो म्हणाला.

तेव्हापासून घरात भांडण नव्हतं. ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांचे दात मेणात एकेक करून बसवायचे, संध्याकाळी घरी यायचं. रागही येत नव्हता आणि आनंदही होत नव्हता. जबड्याला भूल दिल्यावर गाल असतो पण कळत नाही, तसं तिचं झालं होतं.

फक्त त्याच्याकडे तिचं लक्ष असायचं. त्याचा चेहरा लालबुंद दिसायला लागला होता. तो त्याला तेज म्हणायचा. गरम पाण्याने अंघोळ केली की अंगाला इतकी खाज सुटायची की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचा. तिने साबण बदलला. मग पुन्हा बदलला. डोकं जड होतं म्हणाला तेव्हा तिने त्याला चष्म्याचा नंबर काढून आणायला लावलं.

शर्यतीआधी क्लबाने परत रक्त तपासलं. साडेएकोणीस.

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. कॅप्सूल चालूच आहेत ना, असं विचारल्यावर तो नखं बघत बसला. शेवटी म्हणाला, "चालू आहेत. चुकलं."

"रोज घेत होते?" हा प्रश्न तिला होता.

"रोज. मीच देत होते."

डॉक्टर तिच्याकडे जरा बघत राहिले. मग खुर्चीत मागे रेलले. आधी थोडं रक्त काढून टाकू, म्हणाले, आणि बाटली आजच्या आज बंद. दोनतीन महिन्यांत आकडा उतरेल. "कारण समोर दिसतंय, हे नशीब समजा. काहीही घेत नसताना एवढं वाढलं असतं, तर मी तुम्हाला असं घरी सोडलं नसतं. हाडातल्या मगजापर्यंत जाऊन तपासावं लागलं असतं. तिथे जे सापडतं ना, ते बाटली फेकून जात नाही."

त्याने मोठा श्वास सोडला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तो लहान दिसत होता. "ऐकलंस ना?" तो तिला म्हणाला. "तूच जिंकलीस. आज घरी गेल्यावर तुझ्या हातानेच बाटली फेक." त्याने गुडघ्यावरचं हेल्मेट उचललं आणि उठला.

ती उठली नाही.

"चल ना," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं होतं. "ताई, अजून काही विचारायचंय?"

"ती मगजाची तपासणी लिहून द्या," ती म्हणाली. "मागच्या रिपोर्टनंतरची एकेक कॅप्सूल उघडून मी आतलं सगळं मोरीत ओतलंय आणि मैदा भरलाय."