बाळाच्या नावानं

पाहुणे आले की गिताबाईनं पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायचं, असा वृद्धाश्रमाचा नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता. आज आण्णांची सुमो फाटकातून आत शिरताना दिसली तशी ती आपणहून जाऊन बसली. तर मॅनेजर बाळासो धापा टाकत तिला शोधत आला.

"चल, चल. आत बोलावलंय."

"का? इथनंबी दिसायला लागले का काय मी?"

"आण्णांना नातू झालाय. वैनी म्हणतात, बाळाच्या डोक्यावर तुझा हात पाहिजे."

गिताबाई हिजडा. दौंडच्या फलाटावर गाड्यांमध्ये मागायचं, आणि वरवंड-पाटसकडं कुठं पाळणा हलला की नाचून आशीर्वाद द्यायचा, यात चाळीस वर्षं गेली. गुडघे गेले तशी इथं आली. बायकांच्या हॉलनं नको म्हटलं, पुरुषांच्या हॉलनं नको म्हटलं. शंकरराव रोज पेपर वाचत, म्हणून ते 'तृतीयपंथी' म्हणत. पण नको म्हणण्यात तेच पहिले होते. मग व्हरांड्यात कॉट पडली. "फलाटापेक्षा लाख बरं," गिताबाई म्हणाली, "उशाशी इंजिन तरी वाजत न्हाई." आणि कामाला लागली. कुणाची नखं काढ, कुणाला ऐकू येत नाही त्याच्या कानात ओरड, सगळ्यांचे कप विसळ.

कप विसळतानाच तिच्या ध्यानात आलं होतं. अनसाबाई संडासात पडल्या, गिताबाईनं त्यांना उचलून आणलं, आणि तेव्हापासून संध्याकाळचे चहाचे कप भरलेलेच परत यायला लागले. प्यायलं की जावं लागतं, आणि तिथं धरायला काही नाही. पण बोलणार कोण? ज्याचं खायचं त्याला नावं कशी ठेवायची? आण्णा गुळाचे मोठे व्यापारी, आश्रम त्यांच्याच जिवावर चाललेला. सणावाराला जिलबी घेऊन यायचे. "काही कमी नाही ना?" म्हणून विचारायचे. सगळी म्हातारी माणसं, तोंडात जिलबी, एका सुरात "न्हाई, न्हाई" म्हणायची.

हॉलमध्ये आण्णांच्या सुनेनं बाळ गिताबाईच्या हातात दिलं. ढोलकी नव्हती. अनसाबाईंनी जेवणाचं ताट उपडं घातलं आणि त्यावर ठेका धरला. उचलून आणल्याचे उपकार त्यांना असेच कुठं कुठं फेडायचे असत. गिताबाई गुडघे सांभाळत गोल फिरली. बाळाच्या आईच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन तिनं बाळाच्या तळपायाला लावलं. म्हाताऱ्या खुदखुदल्या. बाळ जांभई देऊन झोपलं.

आता मागायची वेळ. बाळाच्या नावानं मागितलेलं मोडायचं नसतं, हे त्या भागात सगळेच जाणून होते. आण्णांचा हात खिशाकडं गेला.

"पैसं नकोत, आण्णा."

"मग? साडी?"

"आश्रमाचा कारभार बघायला तुमची मिटिंग असती ना महिन्याला, तिथं आमच्यातलं एक माणूस बसू द्या."

बाळासोला ठसका लागला. गिताबाईनं तो थांबेपर्यंत वाट पाहिली, मग कपांचं सगळं सांगून टाकलं. अनसाबाई खाली बघत राहिल्या. आण्णांचा चेहरा उतरला.

"अगं, मग आधी सांगायचं! उद्याच लोखंडी दांडे बसवून घेतो. त्याला मिटिंग कशाला?"

"दांडा एकदा बसवला की झालं, आण्णा. माणसाला रोज नवं कायतरी लागतं."

"द्या म्हणते मी," वैनी, बाळाच्या आजी, मधेच बोलल्या. "लेकराच्या नावानं मागितलंय तिनं."

"बरं बाई, दिलं. कोण बसणार?"

सगळ्यांनी शंकररावांकडं पाहिलं. गिताबाईनंसुद्धा. मागताना तिच्या डोळ्यासमोर तेच होते. कचेरीत नोकरी केलेला माणूस, साहेबलोकांत वावरलेला, रोज पेपर वाचणारा. शंकरराव काठी टेकत उठले.

"मी न्हाई," ते म्हणाले.

"का हो? तुमच्याइतकं शिकलेलं कोण आहे इथं?" आण्णांनी विचारलं.

"शिकून काय झालं, आण्णा? पोरानं मला इथं आणून सोडलं, तवा पिशवी मांडीवर घेऊन मुकाट गाडीत बसलो मी. कुठं चाललोय, एवढंबी विचारलं न्हाई. इथं बसलेत त्या सगळ्यांचं तेच. उभ्या जन्मात आमच्यातल्या कुणाला कधी मागता आलं न्हाई. लाज वाटती."

एका म्हातारीनं पदरानं नाक पुसलं.

शंकरराव वळले. गिताबाईशी ते आजवर कधी थेट बोलले नव्हते, त्यामुळं सुरुवात जमेना. दोनदा घसा खाकरला.

"गिताबाई," ते म्हणाले, "आमच्या वतीनं तुम्ही बसा."

जन्मभर लोकांनी गिताबाईच्या हातावर काही ना काही ठेवलं होतं, ते तिनं लवकर निघून जावं म्हणून. 'बसा' असं आज पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.