साउनातला दर्दी

आमच्या तिघांच्या बँडचा स्टुडिओ म्हणजे उर्पोच्या साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरची कपडे बदलायची खोली. गाणं रेकॉर्ड झालं होतं. आता सगळ्या वाद्यांचे आवाज नीट एकत्र बसवायचे होते. ते काम कुणालाच येत नव्हतं, पण कॉम्प्युटर माझा होता, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

"हिल्का, माझी गिटार ऐकूच येत नाहीये!" उर्पो ओरडला. मी ती वाढवली. मग टाउनो रुसला, म्हणून त्याचे ड्रम वाढवले. हळूच माझ्या बास गिटारचा आवाजही वाढवला. गाण्याचा नुसता गोंगाट झाला.

वैतागून मी गिटार निम्म्यावर आणली.

बंद दाराआड, साउनात चर्र झालं. वाफेसाठी तापल्या दगडांवर कुणी पाणी ओतावं तसं.

"आत कोण बसलंय रे?"

"कोण बसणार? शनिवारपासून भट्टी पेटवलेली नाही," उर्पो म्हणाला. "गिटार वाढव आधी!"

वाढवली. आत शांतता. कमी केली. चर्र!

"कुणीतरी दर्दी आहे बरं का," टाउनो हसत सुटला.

मग आम्हाला चेवच आला. ड्रम जरा खाली, चर्र! झांजा जरा मऊ, चर्र! माझ्या बासला मात्र मी हात लावला नाही. गाणं असं काही जमलं, की उर्पोसुद्धा गिटार विसरून नाचला.

गाणं संपलं. आत लाकडी बादलीवर पळी चारदा वाजली, टाउनो गाण्याच्या सुरुवातीला ड्रमच्या काठ्या वाजवतो तशीच.

"वन्स मोअर म्हणतायत!" मी हसत बटणाकडे हात नेला.

त्याआधीच गाणं सुरू झालं. आतून.

आणि त्यात माझा बास कणभर कमी होता.