बुवांच्या कपाळावरचा डाग

या मंडळी, असे जवळ सरकून बसा, एक गंमत सांगते.

आमच्या फोटोवाल्या दिगंबरभावजींनी फोटो सुधारायला नवा कॉम्प्युटर घेतला. प्रोसेसर भारी, रॅम भरपूर. मॉनिटर मात्र जुनाच, अंधारलेला. पहिलंच काम आलं ते वैकुंठवासी कीर्तनकारबुवांचा एकुलता एक फोटो देवळासाठी उजळण्याचं.

छापलेला फोटो पाहून बुवांच्या पत्नी, आमच्या काकू, कावऱ्याबावऱ्या झाल्या. “दिगंबर, कपाळ रिकामं कसं रे?”

“डाग होता काकू, पुसला.”

“अरे, बुक्का तो!”

“भावजी, मशीन वेगात पळवण्याआधी पडद्यावर नीट दिसायला नको का?” मी म्हटलं.

भावजींनी चांगला मॉनिटर आणला, मूळ फोटो पुन्हा उघडला. बुक्का दिसलाच, शिवाय उपरण्यावरचा चहाचा डागही.

“हा तरी पुसू ना?”

“राहू दे. माझ्याच हातून सांडला होता,” काकू चक्क लाजल्या.

बुवांना आठवाल ना, तेव्हा त्या चहासकट आठवा.