जेरीची माती

"आई तुम्हाला बोलावतेय," बर्नी किल्डफ म्हणाली, आणि भरल्या दुपारी गुत्ता चिडीचूप झाला.

मॉर्टी हेफरननशी असं उभ्याउभ्या बोलायची चार्ल्सटाऊनच्या आयरिश गोदीवस्तीत कुणाची टाप नव्हती. गोदीतून एक खोकं हललं तरी त्याला विचारून हलायचं. आणि बर्नीचा तर तो वैरी. तिचा भाऊ जेरी त्याच्याच टोळीतला. अठरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सिगारेट आणतो म्हणून घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. कुणी मारलं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोलिसांकडे मात्र कुणी गेलं नाही. इथं जात नाहीत. मॉर्टीलाही तोंडावर कुणी विचारलं नाही. इथं तेही विचारत नाहीत.

"कशा आहेत त्या?" मॉर्टीनं विचारलं.

"आठवडा काढला तर खूप."

त्यानं टोपी उचलली.

तीन मजले चढताना त्याला धाप लागली. तुरुंगातल्या नऊ वर्षांनी छातीचं पार भजं केलं होतं. जेरी गेला त्याच्या पुढच्याच वर्षी सरकारनं मॉर्टीला धरलं. एवढा मोठा दादा, पण खटला न लढवताच गुन्हा कबूल करून आत गेला. लोकांनी तोंडात बोटं घातली. बर्नी म्हणाली होती, मन खात असेल मेल्याचं. तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

डेलिया किल्डफ उशांना टेकून बसली होती. हातात जपमाळ.

"आलास? बस. बर्नी, याला चहा दे."

बर्नीनं दिला. आईपुढे काय बोलणार?

"मॉर्टी, तुझी आई धोबीखान्यात राबायची तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात वाढलास. माझ्या हातचे बटाटे खाऊन."

"करपलेले."

"चार-चार वेळा मागून घ्यायचास की रे!" ती हसली, खोकली, मग त्याचं मनगट धरलं. "मी कधी काही विचारलं नाही. आताही कुणी, का, ते विचारत नाही. माझा जेरी कुठे आहे तेवढं सांग. तिथली मूठभर माती माझ्या शवपेटीत ठेव. पोर जवळ आहे असं वाटलं की जाईन मी. नुसती अडकून पडलेय."

मॉर्टीनं चहाचा कप खाली ठेवला. माती आणून देणं म्हणजे खून कबूल करणं. बर्नीला वाटलं, आता हा उठून चालू लागणार.

"उद्या आणतो," तो म्हणाला.

आणि आणली खरंच. बिस्किटाच्या डब्यात, काळीभोर, ओलसर.

"जागा कशी आहे रे?"

"चांगली आहे, मिसेस किल्डफ. समुद्र दिसतो. दिवसभर ऊन असतं."

"त्याला त्रास झाला?"

"नाही. तो विचार मनातून काढा."

डेलियानं डब्यात नाक खुपसलं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली. बर्नीलाही राहवलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारी झोपेतच गेली.

दोन दिवस घर माणसांनी फुलून गेलं. बैठकीच्या खोलीत पेटी, स्वयंपाकघरात हॅम आणि व्हिस्की, जिन्यावर तिच्या गमती सांगून हसणारी-रडणारी माणसं. गोदी कामगारांनी तिला खांद्यावर चर्चमध्ये नेलं. मुलगा मारला गेलेली आई म्हणून तिथला पहिला बाक अठरा वर्षं तिचा होता. त्या दिवशी त्यावर कुणी बसलं नाही.

दफनानंतर बर्नी उरलेली माती घेऊन थेट मॉर्टीच्या परसात गेली. तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता.

"आई सुटली, मी नाही," ती म्हणाली. "मला त्याचं हाड न् हाड हवंय. कुठे पुरलंत माझ्या भावाला?"

मॉर्टीनं हात झटकले.

"अठरा वर्षांत मला हे तोंडावर विचारणारी तू पहिली."

"उत्तर द्या."

"ती माती या वाफ्यातली आहे."

बर्नीनं डबा त्याच्यासमोर आपटला. "मरणाऱ्या बाईला फसवलंत? जनाची नाही, मनाची तरी ठेवायचीत!"

"आत ये."

स्वयंपाकघरात त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि भिंतीवरच्या फोनचा एक लांबलचक नंबर पाठ असल्यासारखा फिरवला.

"आपली माणसं खून झालेल्याच्या आईला पहिल्या बाकावर बसवतात, बर्नी," घंटी वाजत असताना तो म्हणाला. "पोलिसांना फितूर झालेल्याच्या आईच्या सावलीलाही उभी राहत नाहीत. खटला लढवला असता, तर साक्षीला कोण उभं राहतंय ते सगळ्यांनी पाहिलं असतं. तुझी आई असेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं मी."

त्यानं रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिनं तो कसाबसा कानाला लावला.

"मॉर्टी?" पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. "नेलं का रे आईला? आमची बर्नी फार रडली का?"